दिसणे आणि पाहणे : आडवाटेवरील सायकलदिव्याचा इतिहास

मराठीतील 'दिसणे' हे क्रियापद विचार करायला लावणारे आहे. 'मला वाट दिसते' असे आपण म्हणतो आणि 'मी वाटेवर दिसतो' असेही म्हणतो. क्रियापद तेच, परंतु पहिल्या वाक्यात बोलणारा चतुर्थीत आहे, तर दुसऱ्यात प्रथमेत. पहिल्या वाक्यात तो अनुभव घेणारा आहे, दुसऱ्यात तो दुसऱ्याच्या नजरेचा विषय झाला आहे. व्याकरणाच्या तासाला आपण हा भेद विभक्तीपुरता सांगून पुढे जातो. सायकलच्या दिव्याचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास मात्र या दोन वाक्यांमधील ओढाताणीचाच इतिहास आहे, असे आम्हांला वाटते. रस्त्यावरचा दिवा प्रामुख्याने 'मी दिसावा' यासाठी घडत गेला. डोंगरातल्या, रानातल्या वाटेवरचा दिवा 'मला दिसावे' यासाठी. आज रात्री आडवाटेने सायकल चालवू पाहणारा कोणी जेव्हा दुकानात उभा राहून 'कोणता दिवा घ्यावा?' असे विचारतो, तेव्हा हा सारा इतिहास त्याच्यासमोर खोक्यांत बंद होऊन मांडलेला असतो. तो उलगडून पाहिल्याखेरीज निवड नीट होत नाही, आणि येथे चुकीच्या निवडीची किंमत हाडामांसाने मोजावी लागते.

'आडवाट' हा शब्दच मुळात सापेक्ष आहे. डांबरी रस्ता सर्वत्र झाल्यानंतरच त्याच्या बाहेरची वाट 'आड' ठरली. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये उंच चाकाची सायकल प्रचारात आली, तेव्हा गावाबाहेरचा बहुतेक रस्ता खडीचा, मातीचा आणि गाडीच्या चाकोऱ्यांनी चिरलेला असे. १९२३ साली मुंबईहून निघून जगप्रदक्षिणा करून १९२८ साली परतलेल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तरुणांनीही वाळवंटे व जंगले ओलांडली ती रस्ता असो वा नसो. तेव्हा सायकलच्या आरंभीच्या पिढ्यांना आडवाटेची वेगळी हौस करावी लागली नाही. वाट होती तीच आडवाट होती.

त्या उंच सायकलचा दिवा कुठे असे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस यांनी १८७९ च्या सुमारास 'किंग ऑफ द रोड' या नावाने जो तेलाचा दिवा बाजारात आणला, तो पुढच्या प्रचंड चाकाच्या आत, आऱ्यांच्या मध्ये, तुंब्याला टांगलेला असे. चाक फिरे, दिवा लोंबता राही. स्वाराचा डोळा पुरुषभर उंचीच्याही वर आणि दिवा जमिनीपासून जेमतेम दोन-सव्वादोन फुटांवर. तेलाच्या ज्योतीचा उजेड तो केवढा! पण इतक्या खालून येणारा उजेड एक काम चोख करी : वाटेवरच्या प्रत्येक दगडामागे तो लांबच लांब सावली पाडी. उंच सायकलवरच्या स्वाराला दगडाचे भय फार, कारण पुढचे चाक अडले की तो थेट डोक्यावरून पुढे फेकला जाई. हा खालचा दिवा मुद्दाम सावलीसाठी तेथे टांगला होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु उजेडाचे प्रमाण आणि उजेडाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या पहिल्या दिव्यातच होता. पुढे तो बराच काळ विस्मरणात गेला.

विस्मरणाला कायद्याचाही हातभार लागला. १८८८ च्या स्थानिक शासनविषयक ब्रिटिश कायद्याच्या ८५ व्या कलमाने सायकलला 'गाडी'चा दर्जा दिला आणि सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत दिवा लावणे बंधनकारक केले. सायकलस्वारांच्या दृष्टीने हा मानही होता आणि जबाबदारीही. रस्त्यावर हक्क मिळाला, त्याबरोबर 'दिसण्या'चे कर्तव्य आले. त्या क्षणापासून दिव्याचा प्रमुख वाचक, असे म्हणू या, सायकलस्वार उरला नाही. समोरून येणारा माणूस आणि कोपऱ्यावरचा पोलीस हे त्याचे वाचक झाले. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात मागच्या पिढ्यांनी हे चांगलेच अनुभवले. 'दिवा आत्ताच वाऱ्याने विझला' असे सांगणाऱ्या स्वाराच्या रॉकेलच्या दिव्याला हात लावून तो खरोखर गरम आहे का हे पाहणाऱ्या पोलिसाचा किस्सा अनेक घरांत ऐकायला मिळतो. त्या किश्शात वाट उजळली होती की नाही, हा प्रश्न कोणालाच पडत नाही. दिवा होता की नव्हता, एवढाच मुद्दा.

याच सुमारास उजेड एकाएकी वाढला. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन आणि फ्रान्समध्ये आंरी म्वासाँ यांनी विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड तयार केले. कार्बाइडवर पाणी पडले की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्या, प्रखर ज्योतीने जळतो. १८९० चे दशक संपता संपता सायकलला असे दिवे लागू लागले : वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात कार्बाइडचे खडे, मध्ये थेंब सोडणारी चावी. आंबे बेकायदा पिकवण्याच्या बातम्यांतून जो 'कार्बाइड' आपल्या परिचयाचा आहे, तोच हा. तेलाच्या दिव्यापुढे या दिव्याचा उजेड दिपवणारा होता. खाणकामगारांनी आणि गुहा धुंडाळणाऱ्यांनी तो विसाव्या शतकातही दीर्घकाळ सोडला नाही. परंतु तो लहरी होता. थेंब जास्त पडला की ज्योत भडके, कमी पडला की मिणमिणे. पाणी बंद केले तरी आतला वायू संपेपर्यंत दिवा विझत नसे, आणि घरी आल्यावर चुन्याचा लगदा खरवडून काढावा लागे. आडवाटेवरच्या स्वाराला उजेडाइतकाच उजेडाचा भरवसा लागतो, हे या दिव्याने शिकवले.

भरवशाचे उत्तर म्हणून आला तो डायनॅमो. टायरला घासून फिरणारी बाटली आपल्या पिढीतील पुष्कळांनी पाहिली आहे. चाकाच्या तुंब्यातच वीजनिर्मिती करणारा 'डायनोहब' इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ मध्ये आणला आणि तो १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिला. तेल नको, कार्बाइड नको, सेल नकोत; पाय चालले की दिवा चालला. कल्पना काव्यात्म आहे, आणि सपाट रस्त्यावर ती उत्तमही आहे. आडवाटेवर मात्र तिच्यातील काव्यच घातक ठरते. चढावर, चिखलात, खडकाळ पायरीशी वेग मंदावतो. नेमकी तेव्हाच वाट सर्वांत नीट दिसायला हवी असते आणि नेमका तेव्हाच दिवा मंद होतो. सायकल थांबली की काळोख. ओल्या टायरवर बाटली घसरते ती निराळीच. पुढे विद्युत्-संचयक बसवून थांबल्यावरही काही मिनिटे दिवा जळत ठेवण्याची सोय झाली आणि जर्मनीतील विल्फ्रीड श्मिट यांच्यासारख्यांनी १९९० च्या दशकात तुंब्यातील डायनॅमो फार वरच्या दर्जाला नेला. तरीही ज्या वाटेवर वेग सतत बदलतो, तेथे उजेडाने वेगाशी लग्न लावू नये, हे खरेच.

येथे एका जुन्या वादाची आठवण करून दिली पाहिजे. मागचा लाल दिवा सक्तीचा असावा की नाही, यावर ब्रिटनमध्ये अनेक वर्षे वाद चालला. १८७८ साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संस्थेने या सक्तीला विरोध केला. तिचा युक्तिवाद असा : मागून येणाऱ्या मोटारचालकाने आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढ्याच वेगाने जावे, समोर काय आहे हे पाहणे ही त्याची जबाबदारी आहे. स्वाराने दिसावे असा आग्रह धरणे म्हणजे पाहणाऱ्याची जबाबदारी दिसणाऱ्याच्या पाठीवर टाकणे होय. दुसऱ्या महायुद्धातील काळोखबंदीत मागचा दिवा सक्तीचा झाला आणि १९४५ च्या कायद्याने ती सक्ती कायम झाली. संस्था हरली, आणि व्यवहारात ते बरेच झाले असे आम्हीही म्हणू. रात्री महामार्गावर मागचा दिवा न लावणे हा काही तात्त्विक बाणा नव्हे. परंतु त्या युक्तिवादातील गाभा आडवाटेवर अबाधित राहतो. तेथे मोटार नाही, पोलीस नाही, कलम नाही. 'आपल्या उजेडाच्या आत थांबता यावे' हा नियम तेथे स्वाराने स्वतःलाच लावून घ्यायचा असतो.

या नियमाचे गणित करून पाहू. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर जातो. अडथळा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, आणि सुट्या खडीवर ब्रेकची पकड बेताची धरली, तर थांबेपर्यंत सुमारे १२ मीटर लागतात. वेग ताशी ३० झाला तर हेच अंतर २१ मीटरच्या घरात जाते. वेग दीडपट, अंतर पावणेदोनपट. आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत असल्यामुळे, तेवढ्या दूरचा दगड तितकाच उजळ दिसायला त्याच झोताचा उजेड सुमारे तिप्पट लागतो. आडवाटेच्या दिव्याची उजेडाची भूक कुठून आली, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

ही भूक इतिहासात प्रत्यक्ष दिसू लागली ती माउंटन बाइकच्या उदयानंतर. कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या जाड टायरच्या जुन्या सायकली सोलून, अनावश्यक भाग उतरवून, डोंगरावरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे 'रीपॅक' नावाची पहिली शर्यत झाली. उतारावर तुंब्यातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच हे नाव पडले. पुढे या सायकलींचा उद्योग झाला आणि स्वारांना दिवस अपुरा पडू लागला. १९९२ मध्ये लेअर्ड नाइट यांनी वेस्ट व्हर्जिनियात 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ कनेन' ही अहोरात्र चालणारी सांघिक शर्यत भरवली. १९९५ पासून युटातील मोअब येथेही तशी शर्यत सुरू झाली आणि ती २०१२ पर्यंत चालली. संघातील एकेक स्वार पाळीपाळीने फेरी मारी, आणि मध्यरात्रीची पाळी कोणाला तरी येईच. पूर्वी रात्र ही घरी परतताना गाठणारी अडचण होती; आता ती शर्यतीचा भाग झाली.

या स्वारांना सायकलचे पारंपरिक दिवे निरुपयोगी होते, कारण ते 'दिसण्या'साठी घडलेले होते. म्हणून त्यांनी उसनवारी केली. स्लाइड प्रोजेक्टरसाठी तयार झालेले परावर्तकयुक्त हॅलोजन बल्ब हँडलवर बसवले, आणि पाण्याच्या बाटलीच्या जागी बाटलीच्याच आकाराची बॅटरी ठेवली. तीन तास २० वॅटचा दिवा जाळायचा तर ६० वॅट-तास हवेत. शिसे-आम्लाच्या बॅटरीत त्याचे वजन दीड-दोन किलो होई. हौशी स्वार आणखी एक धाडस करीत : बल्बला ठरल्यापेक्षा जास्त दाबाची वीज देत. दाब दहा टक्के वाढवला की उजेड सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो, पण बल्बचे आयुष्य एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली येते. उजेड आणि आयुष्य यांचा असा रोखठोक सौदा दिव्यांच्या इतिहासात क्वचितच दिसतो.

त्यानंतरची दोन दशके वेगाने गेली. मोटारींमधला वायुविसर्जनाचा दिवा लहान होऊन सायकलवर आला. तो हॅलोजनच्या दुपटी-तिपटीने काटकसरी, परंतु एकदा विझला की गरम असताना लगेच पेटत नसे. दरम्यान दोन शोध शांतपणे जवळ येत होते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आणि शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी सिद्ध केला, ज्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळवता आला. नाकामुरा, अकासाकी आणि अमानो यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते या निळ्या एलईडीसाठी. दहा वॅटच्या हॅलोजनमधून जेमतेम दोनशे ल्युमेन मिळत; तेवढ्याच विजेत आजचा चांगला एलईडी हजार ल्युमेन किंवा त्याहून अधिक देतो, आणि त्याची बॅटरी मुठीत मावते. दीडशे वर्षांची टंचाई अशी एका पिढीत संपली.

टंचाई संपली की निवडीचा प्रश्न सुटायला हवा होता. तो उलट अवघड झाला, कारण खोक्यावर आता एकच आकडा ठळक छापलेला असतो : ल्युमेन. हा आकडा दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो एवढेच सांगतो. तो उजेड कुठे पडतो, कोणत्या कोनातून पडतो, किती तास टिकतो, यांविषयी तो मूक असतो. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नाही. पृष्ठसंख्येवरून ग्रंथाची योग्यता ठरत नाही, हे आपण जाणतो.

निवडीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न 'उजेड किती' हा नसून 'सावली कुठे' हा आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. उजेडाचा उगम डोळ्याच्या जितका जवळ, तितक्या सावल्या वस्तूंच्या मागे दडतात. डोक्यावरच्या शिरस्त्राणाला लावलेला दिवा डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतो. त्याच्या उजेडात वाट झगझगीत दिसते खरी, पण सपाट दिसते. खळगा आणि माती, मूळ आणि त्याची रेघ एकाच पातळीवर येतात. हँडलवरचा दिवा डोळ्याच्या बराच खाली असतो, म्हणून दगडाला सावली मिळते आणि वाटेला उंची-खोली मिळते. परंतु हँडलचा दिवा हँडल वळेल तिकडेच पाहतो. तीव्र वळणावर तो दरीकडे बघत राहतो आणि स्वार मात्र वाट शोधत असतो. डोक्यावरचा दिवा मान वळेल तिकडे जातो. म्हणून अनुभवी स्वार दोन दिवे लावतात, ते केवळ उजेड दुप्पट व्हावा म्हणून नव्हे. हँडलवर पसरट झोताचा, अधिक तेजाचा. डोक्यावर अरुंद झोताचा, कमी तेजाचा. डोक्यावरचा दिवा हँडलच्या दिव्यापेक्षा प्रखर झाला तर तो सावल्या पुसून टाकतो. लुकसचा चाकातला दिवा जे सहज करीत होता, ते आज असे विचारपूर्वक साधावे लागते.

सह्याद्रीत याला आणखी एक कारण जोडले जाते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुके उतरले की डोक्यावरचा दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो, कारण धुक्याच्या कणांवरून उलटणारा उजेड सरळ डोळ्यांत येतो. अशा वेळी तो विझवून हँडलचा, शक्य तर त्याहूनही खाली बांधलेला दिवाच ठेवणे शहाणपणाचे.

रस्त्याचा दिवा आणि आडवाटेचा दिवा यांची घराणी वेगळी का, हेही आता स्पष्ट व्हावे. जर्मन नियमांनुसार सायकलच्या दिव्याने १० मीटरवर किमान १० लक्स उजेड द्यावा लागतो आणि झोत वरच्या बाजूस कापलेला असावा लागतो, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. रस्त्यावर ही सभ्यता आवश्यकच आहे. आडवाटेवर मात्र वरून लोंबणारी फांदी त्या कापलेल्या रेषेच्या वर अंधारात राहते. उलट आडवाटेचा गोल झोत घेऊन कोणी गावातल्या रस्त्यावर आला, तर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो क्षणभर आंधळा करतो. आडवाटेकडे जाणारा स्वारही बहुधा रस्त्यानेच तेथे पोहोचतो. तेव्हा घराचे दार ते रानाची कड यांसाठी वेगळा दिवा, किंवा निदान मंद करून खाली झुकवता येणारा दिवा, ही सोय दुय्यम मानू नये.

'इतका विचार कशाला? सर्वांत प्रखर दिवा घ्यावा आणि रात्रीचा दिवस करावा' असे कोणी म्हणेल. या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले शरीराचे : डोळा काळोखाला पूर्णपणे सरावायला अर्धा तास घेतो आणि प्रखर उजेडात तो सराव काही क्षणांत गमावतो. झोताच्या आतले जग जितके झगझगीत, तितके झोताबाहेरचे अधिक काळे. दिवा एकाएकी विझला तर अतिप्रखर उजेडात वावरलेला स्वार पूर्ण आंधळा होतो. म्हणून चढावर झोत मंद ठेवावा, उतारासाठी बॅटरी राखावी, आणि दुसरा छोटा दिवा खिशात असावाच. दुसरे उत्तर नीतीचे आहे. रात्रीचे रान रिकामे नसते. तेथील जीव काळोखाच्या भरवशावर जगतात. अभयारण्यांत सूर्यास्तानंतर सामान्यतः प्रवेशबंदी असते, ती उगाच नव्हे. जेथे जाण्यास मोकळीक आहे, तेथेही आपल्याला लागतो त्याहून अधिक उजेड ओतणे ही अरेरावीच.

कायद्याने दिव्याला 'मी दिसावा' हे वाक्य शिकवले. शर्यतींनी आणि उद्योगाने 'मला सारे दिसावे' हे शिकवले. आडवाटेवरच्या सुज्ञ स्वाराचे वाक्य याहून नेमस्त आहे : मला थांबता येईल तेथवरची वाट दिसावी, तिच्यावरच्या सावल्यांसह. दुकानात उभे असताना ल्युमेनच्या आकड्याआधी हे वाक्य मनात म्हणून पाहावे. बहुतेक खोकी मग आपोआप बाजूला सरतात.